क्रूझ लागत नाही? स्टिअरिंग उघडण्याआधी ब्रेकचा स्विच बघा

तुमचं म्हणणं असं की, पेडण्याहून मडगावला जाताना हायवेवर क्रूझचं (ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेली गती धरून ठेवणाऱ्या सोयीचं) बटण दाबलं की डॅशवर चिन्ह येतं, पण सेट दाबल्यावर गाडी गती धरत नाही. पावसाळ्यानंतर हे सुरू झालं आणि गॅरेजवाला स्टिअरिंगवरची बटणं आणि आतली स्पायरल केबल (फिरत्या स्टिअरिंगमधून सिग्नल नेणारी गुंडाळलेली पट्टी) दोन्ही बदला म्हणतो. गाडी मॅन्युअल.

माझं मत: एवढ्यात पैसे काढू नका. चिन्ह येतंय म्हणजे मुख्य बटणाचा सिग्नल स्पायरल केबलमधून ईसीयूपर्यंत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचतोय. बऱ्याच गाड्यांत ही सगळी बटणं एकाच वायरवर असतात. प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा, त्यावरून ईसीयू कुठलं बटण दाबलं ते ओळखतो. केबल तुटली असती तर बहुतेक वेळा हॉर्नही गेला असता आणि एअरबॅगचा दिवा लागला असता. हॉर्न वाजतोय ना? फक्त सेटचा कॉन्टॅक्ट खराब असू शकतो, पण ते स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायचं यंत्र) कळतं, त्यासाठी स्टिअरिंग उघडावं लागत नाही.

क्रूझ लावायला ईसीयूला बऱ्याच गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: ब्रेक सुटलेला, क्लच सुटलेला, गती पुरेशी (बहुतेक गाड्यांत साधारण ताशी 40 किमीच्या वर), इंजिन किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) बिघाडाचा कोड नाही. यातली एक जरी अडली तरी तो काही न बोलता नकार देतो. म्हणून डॅशवर दिवा नसला तरी आधी कोड वाचून घ्या.

आता ब्रेकच्या स्विचकडे या. माझा संशय इथेच आहे. पॅडलच्या वर बसलेल्या या छोट्या स्विचमध्ये बहुतेक गाड्यांत दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात. एक पॅडल दाबल्यावर जुळतो आणि मागचे दिवे लावतो. दुसरा पॅडल सुटलेलं असताना जुळलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो. क्रूझ याच्यावर अवलंबून. गॅरेजमध्ये मागचे दिवे लागले की ‘स्विच ओके’ म्हणून मोकळे होतात, पण तेवढ्यावरून दुसऱ्या कॉन्टॅक्टबद्दल काहीच कळत नाही. आपल्याकडची दमट, किनाऱ्याजवळची खारी हवा आणि पावसाळाभर ओल्या चपलांनी भिजलेलं कार्पेट, यात पॅडलजवळच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड धरते. ती टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाही.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (त्या क्षणी येणाऱ्या सिग्नलच्या यादीत) ब्रेकचे दोन सिग्नल वेगवेगळे दिसतात. पॅडल अगदी हळू, बोटाच्या जाडीइतकं दाबा. दोन्ही जवळजवळ एकदमच बदलले पाहिजेत. एक बदलला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. मग मल्टिमीटर काढा, चावी ऑन करा आणि कनेक्टर लावलेलाच ठेवून मागून, वायरच्या बाजूने, मीटरची पिन टोचा. पॅडल सुटलेलं असताना जुळलेल्या (दुसऱ्या) कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना बॅटरीइतकाच व्होल्टेज हवा. एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला 8-9 मिळाले तर कॉन्टॅक्ट जळालाय. दोन्हीकडे काहीच नसेल तर फ्यूज बघा. काही नव्या गाड्यांत कॉन्टॅक्टऐवजी सेन्सर असतो, तिथे लाइव्ह डेटावरच भागवायचं.

आणखी एक बघा. पॅडलच्या पट्टीवर स्विचसमोर रबराचं किंवा प्लॅस्टिकचं बटण असतं. जुनं झालं की त्याचा भुगा होतो, मग स्विचला पॅडल कायम दाबलेलंच वाटतं. चालकाच्या मॅटवर ठिसूळ तुकडे पडलेत का पाहा. गाडी पार्क करून मागचे दिवे भिंतीवर उजळतात का, तेही रात्री एकदा बघून घ्या. हे बटण गेलं असेल तर बॅटरीही उतरते. नवं बटण फार स्वस्त असतं.

क्लचच्या स्विचचीही अशीच तपासणी करायची. मागच्या ब्रेकलाइटला बाहेरून एलईडी बल्ब बसवले असतील तर मूळ बल्ब लावून बघा. काही गाड्यांत ईसीयू ब्रेकलाइटच्या लाइनवर बल्बमधून मिळणारं अर्थिंग बघतो, एलईडीने ते बिघडतं. उंदरांनी वायर कुरतडल्यात का, हेही बघाच. पावसाळ्यात बॉनेटखाली त्यांचा मुक्काम असतो.

क्रूझ लागून खड्ड्यावर सुटत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चाकाचा स्पीड सेन्सर किंवा सैल कनेक्टर शोधायचा. तुमचं तसं नाही.

स्टिअरिंग उघडायची वेळ आलीच, तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर कधीच नाही. शक्यतो हे काम एअरबॅगची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या.

रस्त्यावर तपासायचं असेल तर स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, गाडी चालवताना स्वतः बघू नका. लाइव्ह डेटात ‘क्रूझ रद्द होण्याचं कारण’ अशी ओळ असेल तर आधी तीच वाचायची. ती ओळ, दोन्ही ब्रेक सिग्नल आणि जे कोड येतील ते इथे टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि साल. पिनआउट (कनेक्टरची कुठली पिन कशाची याचा नकाशा) मिळाला तर मी पुढचं सांगतो.