तालुक्याच्या गावातील एका पडद्याच्या थिएटराची कमी खर्चात जाहिरात कशी करावी?

आपण लिहिले आहे की आपल्या काकांचे गोव्यातील एका तालुक्याच्या गावी एका पडद्याचे थिएटर आहे, जाहिरातीसाठी महिन्याला जेमतेम पाच हजार रुपये निघतात, आणि तेवढ्यात चौकात फ्लेक्स लावावा, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी की फेसबुकवर पैसे घालावेत, हे ठरत नाही. यांपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशाच एका थिएटरात मी बरीच वर्षे व्यवस्थापक होतो. नेमक्या याच प्रश्नावरून तेथील भागीदारांशी माझे कायमचे बिनसले, आणि तो वाद माझ्या लेखी अजून मिटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

चित्रपटाची जाहिरात निर्माता करतो आणि त्यासाठी आपल्या आवाक्यापलीकडचे पैसे ओततो. ट्रेलर प्रत्येकाच्या फोनवर आधीच पोहोचलेला असतो. नायक कोण, गाणी कोणती, हे आपल्या गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच की तो चित्रपट आपल्या गावात लागला आहे का, खेळ किती वाजता आहे, तो किती वाजता सुटतो आणि सुटल्यावर घरी जायला बस मिळेल का. गोव्याच्या आतल्या गावांतून दिवस मावळला की खाजगी बसगाड्या विरळ होतात, आणि ज्यांच्या दारात दुचाकी नाही किंवा ज्यांना ती चालवता येत नाही, अशा बायका, म्हातारी माणसे आणि मुले या एका अडचणीपायी थिएटराकडे फिरकत नाहीत. या माणसांना नायकाचा चेहरा मोठा करून दाखवून काय उपयोग? त्यांना वेळ सांगावी लागते.

आमचे थिएटर खाणपट्ट्यात होते. खनिजाचे ट्रक धावत होते तोवर आम्हांला प्रचाराची गरजच नव्हती. चालक, क्लीनर, गॅरेजमधली मुले, पाळी संपवून आलेले कामगार रात्रीच्या खेळाला आपणहून यायचे आणि पहिले तीन दिवस तर उभे राहायलाही जागा नसायची. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि रात्रीचा खेळ ओस पडला. मालकांचे मेहुणे, जे थिएटरात भागीदार होते, त्यांनी याचे निदान असे केले की आपला प्रचार कमी पडतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ साली गोव्यात आला, पणजीत मल्टिप्लेक्स उभे राहिले, तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर तेथील झगमगाट होता. त्यांनी मुख्य चौकात मोठा फ्लेक्स लावला, ज्यावर नायकाचा चेहरा भला थोरला, थिएटरमालकांचे व स्वतःचे नाव ठळक, आणि खेळाच्या वेळा तळाशी इतक्या बारीक अक्षरांत की मोटरसायकलवरून जाणाऱ्याला त्या वाचता येणे शक्य नव्हते. तियात्राच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकाच्या, मंडळींनी तिठ्यावर लावलेला फलक पाहावा: नाव, तारीख, वेळ, जागा, आणि तेही धावत्या गाडीतून वाचता येईल अशा अक्षरात. जत्रेतल्या नाटकाचे हँडबिलही तसेच असते. इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट आमच्या भागीदारांना कधी दिसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक कौटुंबिक मराठी चित्रपट आम्हांला मिळाला, तेव्हा मी मालकांची परवानगी घेऊन माझ्या पद्धतीने एक हँडबिल छापले. पिवळा कागद, काळी शाई, आकार वहीच्या अर्ध्या पानाएवढा. पहिली ओळ अशी होती: ‘रविवार, दुपारी अडीच वाजता. खेळ पाच वाजता सुटेल.’ त्याखाली चित्रपटाचे नाव आणि तिकिटाचा दर. त्याखाली बसस्थानकावरच्या टाइमकीपरकडून लिहून आणलेल्या पाचनंतरच्या बसच्या वेळा, गावाच्या नावानिशी, एकाखाली एक. नटनटींचे नाव कोठेही नव्हते. ही हँडबिले मी गावोगावच्या पोदेरांकडे दिली. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर घराघरांत जातो आणि त्याच्याकडून पाव घ्यायला बहुधा घरातली बाईच बाहेर येते. पावाबरोबर कागद थेट तिच्या हातात पडतो. मोबदला म्हणून पोदेरांना सहकुटुंब पास दिले. उरलेली हँडबिले दूध सोसायट्यांवर आणि महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांच्या बैठकीत वाटली.

भागीदारांनी ते हँडबिल तिकीट खिडकीसमोर सर्व नोकरांदेखत हातात घेतले आणि म्हणाले, “हिरोचे नाव नसलेली जाहिरात कधी कोणी पाहिली आहे का? हे सिनेमाचे पत्रक आहे की बसचे वेळापत्रक?” त्या रविवारी बाल्कनी भरली आणि खालच्या वर्गातही अर्ध्याहून अधिक खुर्च्या भरल्या. एकेका वाड्यावरून बायका घोळक्याने आल्या होत्या, सोबत सासवा होत्या, मुले होती. मध्यंतरात कँटीनवाल्याचे बटाटवडे संपले आणि त्याला समोरच्या हॉटेलातून पाव-भाजी मागवावी लागली. खेळ सुटल्यावर सगळ्याजणी हँडबिल हातात धरूनच बसस्थानकाकडे निघाल्या. भागीदारांचे मत पडले की चित्रपट चांगला होता म्हणून चालला. पुढच्या रविवारी त्याच पिवळ्या कागदावर आम्ही असा एक हिंदी चित्रपट लावला जो इतरत्र आठवडाभरही टिकला नव्हता, आणि दुपारच्या खेळाला पुन्हा समाधानकारक गर्दी झाली. तेव्हा त्यांनी सांगितले की रविवार होता म्हणून माणसे आली. रविवार तर त्यापूर्वीही दर आठवड्याला येतच होता.

आता आपल्या पाच हजारांविषयी. त्यातला बहुतेक पैसा हँडबिलांच्या छपाईत घालावा, आणि मागची बाजू गावातल्या सराफाला, कापडवाल्याला किंवा फार्मसीला विकावी. छपाईचा बराचसा खर्च तेथेच सुटतो. गूगल मॅप्सवर थिएटराची नोंद फुकट करता येते, मात्र तेथील वेळा दर शुक्रवारी बदलल्या पाहिजेत, कारण चुकीची वेळ पाहून आलेला माणूस पुन्हा येत नाही. थिएटराचा फोन उचलणारे कोणीतरी हवे. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात असाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी संधी नाही, कारण चित्रपटही शुक्रवारीच बदलतो आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसे त्या दिवशी आपणहून तेथे येतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पहिल्या दोन दिवसांत एक रुपयाही खर्च करू नये. त्या दिवसांत गोमंतकीय माणूस घर सोडत नाही. पाचव्या दिवसाचे विसर्जन झाल्यावर घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन तोच माणूस बाहेर पडतो, तेव्हा हँडबिल त्याच्या हातात असावे.

तिकिटाचा दर ही स्वतःच एक जाहिरात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के, त्यामुळे दर शंभराच्या आत ठेवून तो आकडा हँडबिलावर वेळेच्या खालोखाल मोठा छापावा. मल्टिप्लेक्सला हे सहसा परवडत नाही, आपल्याला परवडते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दर कमी करण्यापूर्वी वितरकाशी बोलणे आवश्यक आहे, कारण त्याचा वाटा त्याच तिकिटातून जातो. ध्वनिक्षेपक लावून रिक्षा फिरवायची असेल तर लेखी परवानगी घ्यावी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो लावताच येत नाही. भिंतींवर भित्तिपत्रके चिकटवू नयेत. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध गोव्यात १९८८ चा कायदा आहे. पडद्यावर स्थानिक दुकानांच्या जाहिराती दाखवण्याचा विचार असेल, तर डिजिटल प्रक्षेपण पुरवणाऱ्या कंपनीशी झालेला करार आधी वाचावा, कारण तो हक्क अनेकदा त्यांच्याकडे असतो. मोठ्या हिंदी चित्रपटाच्या पहिल्या आठवड्याला यातले काही लागत नाही, तरुण मुले येतातच. आणि बायकांचे स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर माझे सर्व सल्ले बाजूला ठेवून पहिल्या महिन्याचे पाच हजार तेथे खर्च करावेत, कारण हँडबिल वाचून आलेली बाई ते पाहून गेली की पुढच्या वेळी वाड्यावरच्या इतरांनाही थांबवते.

तिकीट खिडकीवर एक वही अवश्य ठेवावी आणि तिकीट फाडताना प्रत्येक गटातील एकाला विचारावे की खेळाविषयी कोठून कळले: हँडबिल, फलक, फोन, वर्तमानपत्र की शेजारीण. मी अशी वही सुरू केली होती आणि भागीदारांनी खिडकीवर रांग खोळंबते असे कारण देऊन ती बंद करवली. खिडकीवर तेव्हा रांग होती, हे मात्र त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने मान्य केले. आपले काका फ्लेक्सचा आग्रह धरत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. फ्लेक्सचा एक रकाना वहीत आखा, महिनाभर नोंदी होऊ द्या आणि मग पुढच्या महिन्याचे पैसे कोठे घालायचे ते त्यांनाच ठरवू द्या.