वाचकांचे प्रश्न : दोघांचा पहिला क्रूझ प्रवास

प्रश्न : ताई, माझे यजमान येत्या मार्चमध्ये नोकरीतून निवृत्त होत आहेत आणि त्यानंतर आम्हा दोघांना पहिल्यांदाच क्रूझवर जायचे आहे. मुंबईहून लक्षद्वीप किंवा सिंगापूरहून मलेशिया-थायलंड असे दोन पर्याय समोर आहेत. अडचण अशी, की ह्यांना गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा बोट लागते. शिवाय ह्यांना निवांत बसायचे आहे आणि मला मात्र प्रत्येक बंदरात उतरून सगळे पाहायचे आहे. आपण यजमानांसह हे दोन्ही प्रवास केले आहेत, म्हणून विचारते.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : बोट लागण्याची अडचण तुलनेने सोपी आहे, म्हणून ती आधी घेते. मांडव्याची लाँच प्रत्येक लाटेबरोबर वरखाली होते, परंतु क्रूझचे जहाज इतके लांब आणि अवजड असते, की लहान लाटा आतल्या माणसाला जाणवतही नाहीत. शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना असलेले स्टॅबिलायझरचे पंख त्याचे डावीउजवीकडे कलणे बरेच कमी करतात. पुढचे टोक वर आणि मागचे खाली अशी जी हालचाल होते, ती मात्र या पंखांनी थांबत नाही, आणि ती दोन्ही टोकांना सर्वाधिक व मध्यभागी सर्वांत कमी असते. त्यामुळे केबिन मध्यभागातली आणि खालच्या मजल्यावरचीच मागा. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचा मोह होईल, तो टाळा. खिडकी मात्र अवश्य घ्या, कारण शरीर हलते आहे असे कान सांगतात आणि समोरची भिंत स्थिर आहे असे डोळे सांगतात, या विसंगतीतून मळमळ सुरू होते आणि क्षितिज दिसत राहिले की ती कमी होते. गोळी त्रास सुरू होण्याआधीच घ्यावी लागते. तिने गुंगी येते, तेव्हा तुमच्या यजमानांची नेहमीची औषधे कोणती आहेत हे सांगून ती डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

मार्गाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पहिला प्रवास सिंगापूरहून करावा. मलाक्काची सामुद्रधुनी मलेशियाचा द्वीपकल्प आणि सुमात्रा यांच्यामध्ये असल्याने तिला दोन्ही बाजूंनी आडोसा मिळतो आणि तिथले पाणी बहुतेक वेळा शांत असते. लक्षद्वीपची निळाई अपूर्व आहे यात शंका नाही, परंतु तिथे प्रवाळाच्या कड्यांमुळे मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. तुमच्या यजमानांना त्रास होईल तो नेमका तिथे. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणे रद्दही करतो. तुम्ही एप्रिल-मेमध्ये जाणार असाल, तर मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी वारे त्या बाजूला पोहोचतात हेही ध्यानात घ्या. लक्षद्वीप पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

आता तुमच्या दोघांच्या आवडींविषयी. आमच्या घरीही हिंडण्याची हौस मला आहे आणि ह्यांना डेकवरची खुर्ची पुरते. प्रत्येक बंदराचा निर्णय वेगळा घेणे आणि सदैव बरोबरच असले पाहिजे हा आग्रह सोडणे, हे आमच्या फार उपयोगी पडले. मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदराहून क्वालालंपूर सुमारे 40 किलोमीटर आहे. जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो आणि जुळ्या मनोऱ्यांसमोर छायाचित्र काढून परतावे लागते. त्या दिवशी दोघांनी जहाजावरच राहावे असे मी सुचवीन. बहुतेक प्रवासी खाली उतरलेले असतात, पोहण्याचा तलाव रिकामा असतो, आणि वर्षानुवर्षे लोकलच्या वेळा सांभाळलेल्या माणसाला घड्याळाकडे न पाहता जेवताना बघण्यात जे समाधान आहे, ते मला कोणत्याही मनोऱ्यापेक्षा मोठे वाटले. पेनांगला मात्र दोघांनी उतरावेच. स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाऊनला अगदी लागून आहे. 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या जुन्या वस्तीत चिनी देवळे, मशिदी आणि तमिळ दुकानांचा लिटल इंडिया पायी हिंडून पाहता येतो आणि तुमच्या यजमानांना थकवा आला तर लगेच परतता येते. फुकेतला अनेक जहाजे पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि तिथेही लहान बोट घ्यावी लागते, तेव्हा ती सहल तुम्ही एकटीने, जहाजाने आयोजित केलेल्या गटाबरोबर करावी. त्या गटाला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी थांबत नाही.

संध्याकाळ मात्र एकत्र घालवा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, म्हणून चहा घेऊन डेकवर लवकर जाऊन बसा. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा देणारा आहे ना, हे आधीच तपासून घ्या, कारण जहाजाने परतणे हा नवा प्रवेश धरला जातो.

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आईबाबांना आम्ही क्रूझवर पाठवत आहोत. बाबांना मधुमेह आहे. कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी पोहोचतात, म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीतच असू द्या. जहाजावर डॉक्टर असतात, परंतु त्यांचे शुल्क जास्त असते. जहाजावरील उपचार आणि तातडीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च या दोन्हींचा समावेश असलेला प्रवासविमा घ्यावा. जेवणापूर्वी हात साबणाने धुण्यास आवर्जून सांगा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. किनारा सुटला की फोन विमान मोडवर ठेवायला शिकवा. अन्यथा तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल फार मोठे येते. दोन बंदरांच्या मधल्या काळात त्यांचा फोन लागला नाही तर घाबरू नका, आणि फोनची वेळ बंदरातील मुक्कामाची ठरवून ठेवा.