जपानमधल्या शिनानो नदीच्या खोऱ्यात जोमोन, म्हणजे तिथल्या प्रागैतिहासिक काळातली, मडकी बघायला जाताय?

टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने थेट नागाओकाला उतरा. तिथल्या उमाताकाला 1936 मध्ये पहिलं ज्वालाकृती (ज्वाळांसारखा काठ असलेलं) मडकं सापडलं, तिथेच आता संग्रहालय आहे. दुसऱ्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला तोकामाचीला जा. सासायामाच्या उत्खननातली भांडी 1999 मध्ये जपानचा राष्ट्रीय ठेवा ठरली, ती या शहराच्या संग्रहालयात आहेत.

घाई मात्र करू नका. एकच मडकं निवडा आणि चहूबाजूंनी बघा. काठावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे चार उंचवटे, मधल्या कडेला करवतीसारखे दाते, खाली अंगभर मातीच्या वळ्या. पाच हजार वर्षांपूर्वी, चाकाशिवाय, हाताने वळ्या रचून केलेलं काम आहे हे! इतकं नटवलेलं भांडं फक्त पूजेचं असेल असं वाटतं, पण कित्येकांच्या आत करपलेल्या अन्नाचा थर मिळाला आहे. म्हणजे यात रांधत होते. मला तर हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

जोमोन म्हणजे दोरीचे ठसे असं वाचून जाल, तर ज्वालाकृती मडक्यांवर ते बहुधा दिसणार नाहीत. शेजारच्या साध्या भांड्यांवर शोधा.

हिवाळ्यात इथे माणूसभर बर्फ पडतो, म्हणून पहिल्या खेपेला मे किंवा ऑक्टोबर धरा.