पाणी पाळायचं असेल तर

चि. पोरी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फलटणच्या घराचा नकाशा आणि त्यासोबतचं स्विमिंग पूलचं कोटेशन, दोन्ही मिळालं. नकाशा छान जमलाय. सासूबाईंची खोली तळमजल्यावर घेतलीस, स्वयंपाकघराला मागच्या अंगणाकडे मोठी खिडकी ठेवलीस, बघून बरं वाटलं. पण तू विचारलंयस ते त्या अंगणातल्या तलावाबद्दल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एक मीटर वीस खोल. "सर, बांधू का नको, एका वाक्यात सांगा" असं लिहिलंयस. एका वाक्यात सांगतो: आत्ता बांधू नकोस, जागा मात्र राखून ठेव. कारणं सविस्तर लिहितो, म्हणजे तुझ्या नवऱ्यालाही हे पत्र वाचायला देता येईल. हौस त्याची आहे, ती मोडावी असं मला वाटत नाही.

कोटेशन दोनदा वाचलं. खोदाई आहे, सळई आहे, टाइल्स, पंप, सँड फिल्टर, पाण्याखालचे दिवे, सगळं आहे. पाणी कुठेच नाही. तेव्हा पाण्याचा हिशेब मी मांडतो, तू तपासून बघ.

पहिल्यांदा भरायला ३८,४०० लिटर लागतील. दहा हजारी टँकर धरला तर चार खेपा. एवढ्याला कुणी घाबरत नाही, कारण ते एकदाच भरायचं असतं. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. फलटणला पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उघड्या पाण्याची वाफ होते त्याच्या तिपटीच्या घरात. मार्च ते मे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. तुझ्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे रोजचे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर नुसते हवेत. ग्रामीण भागात नळयोजना आखताना माणशी रोजचे ५५ लिटर धरतात. चार माणसांचं पाणी झालं ते, कुणी पाण्यात पाय न बुडवता.

त्यात बॅकवॉशची भर घाल. फिल्टरमधली वाळू धुवायला आठवड्याला पाच-सहाशे लिटर जातात, वर्षाचे तीस हजार. तलावावर थेट पडणारा पाऊस वजा केला तरी वर्षाला साठ-पासष्ट हजार लिटरची भर घालावीच लागेल. आता तुझं छप्पर बघ. सोळाशे चौरस फुटांच्या छपरावरून चांगल्या पावसाच्या वर्षी साठ हजार लिटर गोळा होतील. म्हणजे पागोळ्यांचं सगळं पाणी टाकीत धरलंस तरी ते तलावाच्याच पोटात जाईल, घराला थेंब उरणार नाही.

आणि पोहावंसं कधी वाटतं? एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात तिथल्या पाण्यात पहाटे उतरवत नाही, पावसाळ्यात आभाळ असतं, चिखल असतो. ज्या महिन्यांत तलाव हवासा वाटतो, नेमक्या त्याच महिन्यांत तालुक्यात पाणी नसतं. आपल्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात ही अडचण कुठल्याच पंपाने सुटत नाही.

२०१६ चा एप्रिल तुला कदाचित धूसर आठवत असेल, शाळेत असशील. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुझा तलाव म्हणजे त्यातली पाऊण वाघीण. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं होतं, मैदानांवर मारायच्या पाण्यावरून. अशी वर्षं पुन्हा येणार, दर दहा वर्षांत दोनदा तरी येतातच. त्या वर्षी गल्लीत हंड्यांची रांग लागलेली असेल आणि टँकर तुमच्या फाटकातून आत वळेल. तुम्ही दोघं तेव्हा पुण्यात असाल. रांगेसमोरून भाजी आणायला तुझे सासरे जाणार आहेत. जन्म गेलाय त्यांचा त्या गावात. हा विचार मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून आधी लिहिला.

आता रोजच्या कामाचं. तलाव म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर समज. म्हैस जशी शनिवार-रविवारची पाळता येत नाही, तसंच हे. रोज पाण्यावरचा पालापाचोळा जाळीने काढायचा. पंप सहा-आठ तास चालवायचा. एक एचपीचा पंप आठ तास चालला की सहा युनिट, महिन्याला १८० युनिट. घरच्या वापरात ते मिळवलं की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जातं. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणि क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आहे ना, हे किट घेऊन बघायचं. उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. मे महिन्यात चार दिवस दुर्लक्ष झालं की पाणी हिरवं पडतं, भिंतीला हात लावला तर बोटं बुळबुळीत होतात. आठवड्याने त्यात डासांच्या अळ्या. मग दोन दिवसांसाठी पुण्याहून आलेलं पोर पोहणार कधी आणि तुम्ही शेवाळ घासणार कधी?

क्लोरीनच्या डब्यांबद्दल एक ठणकावून सांगतो. बांधलास किंवा नाही बांधलास, हे लक्षात ठेव, कारण पुढे तू इतरांचे तलाव बांधशील. ब्लीचिंगच्या जातीची पावडर आणि टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच दुसऱ्या एका रसायनाच्या) गोळ्या एका डब्यात कधी मिसळायच्या नाहीत, एकाच मापानेही काढायच्या नाहीत. पेट घेतात, स्फोटही होतो. पीएच खाली आणायला जे ॲसिड वापरतात ते क्लोरीनच्या पावडरीजवळ ठेवायचंसुद्धा नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. तुझ्या कोटेशनमध्ये पंपाची खोली आहे पण तिला खिडकी नाही. माळीकाका तिथे वाकून गोळ्या काढणार, हे डोळ्यांसमोर आण.

जमिनीचं तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. तुझा प्लॉट काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. एका वर्षी जुलैत, एका फार्महाउसवर, टाइल्स बदलायच्या म्हणून मी तलाव उपसायला सांगितला. निर्णय माझा होता, मालक बिचारा "पाऊस थांबू द्या" म्हणत होता. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर स्किमरचा, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचा, पाइप तुटून लोंबत होता आणि एका कोपऱ्यातला काठाचा दगड अंगणाच्या फरशीपासून वर उचललेला. त्याच्याखाली मी हात घातला, पंजा आडवा आत गेला. अख्खी टाकी जमिनीखालच्या पाण्याने होडीसारखी उचलली होती. तुझ्या मापाच्या आरसीसी टाकीचं वजन भरेल ३५ टन. भोवतीचं पाणी काठापर्यंत चढलं तर तिला वर ढकलणारा जोर ५७ टनांचा. भरलेली असते तोवर आतलं पाणी तिला दाबून धरतं. रिकामी केली की गेली. त्या मालकाचे पैसे मी माझ्या फीमधून हप्त्याहप्त्याने चुकते केले, पण त्याच्या मुलीच्या लग्नात तो तलाव ताडपत्रीखाली होता, ते आजही मनातून जात नाही.

तेव्हा कोटेशनवाल्याला विचार: तळाला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा दाब मोकळा करणारी झडप, कुठे आहे, भोवती मुरूम किती जाडीचा भरणार, भूजलाची पातळी कुणी मोजली? पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाला आयएस ३३७० हे भारतीय मानक लागतं. त्यांच्या तपशिलात त्याचा उल्लेखच नाही, नेहमीच्या स्लॅबसारखं धरलंय. नवऱ्याच्या मनात गच्चीचा पर्याय आहे म्हणतेस, तोही सोड. एक मीटर वीस पाणी म्हणजे चौरस मीटरला बाराशे किलो. गच्ची आपण दीडशे किलोच्या भाराला धरतो.

बोअरच्या पाण्याचं थोडक्यात. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. दर महिन्याला तलाव थोडा अधिक खारा होतो, टाइल्सवर पांढरे पट्टे चढतात. मिठावर चालणारं क्लोरीन यंत्र सुचवलंय त्यांनी. त्याला सव्वाशे किलोच्या वर मीठ लागेल, आणि ते पाणी शेवटी सोडणार कुठे? शेजारी उसाचं रान आहे. क्षारपड जमिनी कशा होतात हे त्या भागाला शिकवायला नको.

आणि आता तुझ्या लेकराबद्दल. तीन वर्षांचा आहे तो.

माझ्या एका ओळखीच्या घरी नातीचं बारसं होतं. अंगणात वीसेक माणसं, तलावाला लागून खुर्च्या मांडलेल्या. दोन वर्षांचा मोठा नातू, पायात घुंगरांचे वाळे. भांडी घेऊन मागच्या दाराने निघालेल्या मावशींना पाण्यात लाल झबलं दिसलं. त्या साडीसकट उतरल्या आणि त्याला वर काढलं. पोर वाचलं. मी दहा पावलांवर उभा होतो आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ओरडणं नाही, पाणी उडवणं नाही, वाळ्यांचा आवाजसुद्धा नाही. लहान मूल बुडतं ते असं बुडतं, मुकाट्याने, एका मिनिटाच्या आत. नंतर त्याची आजी त्याचे ओले पाय मांडीवर घेऊन वाळे काढत होती आणि तिला ते निघत नव्हते, हात इतके थरथरत होते.

ऑस्ट्रेलियात घरच्या तलावाला कुंपण सक्तीचं आहे, फ्रान्सने २००३ मध्ये खाजगी तलावांच्या सुरक्षेचा कायदा केला. अमेरिकेत २००७ मध्ये, पंप तळाच्या ज्या तोंडातून पाणी ओढतो त्यावरच्या जाळ्यांसाठी कायदा झाला, कारण पंपाच्या ओढीने मुलं तळाला चिकटून मेली होती. तुझ्या नकाशात चारही बाजू मोकळ्या आहेत आणि तळाला ओढीचं तोंड एकच आहे. या दोन गोष्टी बघून मी रात्री उठून पुन्हा दिवा लावला, खरं सांगतो. "आम्ही असतो ना लक्ष ठेवायला" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलंय. बारशाच्या घरीही आम्ही वीस जण होतो.

शेततळ्याचा विचार तर मनातही आणू नकोस. कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही.

आता काय करायचं ते. घर बांध. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी, सहा बाय तीन मीटरचा तलाव आणि भोवतीचं कुंपण बसेल एवढी जागा मोकळी ठेव. ती कडुलिंबाच्या झाडापासून लांब हवी, पानगळीत रोज टोपलीभर पाला पाण्यात येतो. त्या बाजूला एक पाइपची वाट आणि विजेची वेगळी लाइन जमिनीखालून आत्ताच टाकून घे, खर्च किरकोळ आहे. तलावाच्या पैशातून आधी छपराच्या पाण्याची झाकलेली टाकी बांध. एक पूर्ण उन्हाळा त्या घरात काढा. पोराला पुण्यात पोहायला घाल, आणि तुम्ही दोघंही जा. नवऱ्याला म्हणावं, एक वही कर आणि ज्या शनिवारी तू खरंच पाण्यात उतरला असतास त्या शनिवारी टिक कर. तो प्रामाणिक मुलगा आहे, खोटी टिक करणार नाही.

वर्षाने वहीत भरपूर टिका असतील, टाकीत पाणी उरलेलं असेल आणि रोज अर्धा तास देणारं माणूस घरात ठरलेलं असेल, तर मी स्वतः तुझ्यासाठी डिझाइन करून देईन, फी न घेता. सहा बाय तीनचा, सगळीकडे सारखाच एक मीटर वीस खोल, म्हणजे एकवीस-बावीस हजार लिटर. चारही बाजूंनी माणसाच्या छातीएवढं जाळीचं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, कडी मुलाच्या हाताला न लागेल एवढ्या उंचीवर. तळाला ओढीची दोन तोंडं, बारा व्होल्टचे दिवे, आणि पाण्यावर सरकवायचं आच्छादन. आच्छादनाने वाफेचं बरंचसं पाणी वाचतं. याच्यातली एकही गोष्ट पैशापायी गाळायची म्हणालात तर मात्र मी सही करणार नाही.

पुढच्या महिन्यात मी साताऱ्याला येतोय, तेव्हा एक दिवस तिकडे काढतो. त्याआधी त्या मोकळ्या जागेत दोन मीटरचा एक चाचणी खड्डा घे आणि त्यात खुणा केलेला पाइप उभा करून ठेव, पावसाळाभर पाणी कुठवर चढतं ते सासऱ्यांना आठवड्याला एकदा लिहून ठेवायला सांग. खड्ड्यावर लोखंडी जाळी टाकून तिला कुलूप लाव, विसरू नकोस. बोअरचं लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेव, मी तपासायला घेऊन जाईन.

घरच्यांना नमस्कार, लेकराला पापा.

तुझे,
सर