अक्षरं मोठी करूनही ज्येष्ठ मंडळी फॉर्म अर्धवट सोडतात, त्याबद्दल

"अक्षरं मोठी केली, बटणं ठळक केली, तरी ज्येष्ठ मंडळी फॉर्म अर्धवट टाकून फोनच करतात," हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. एका कार्यालयासाठी आम्ही निवृत्तांचा अर्ज ऑनलाइन केला, तेव्हा अगदी हेच रडगाणं होतं. (नाव घेत नाही, उगाच वाद नको.)

फॉन्ट, रंग वगैरे तुम्ही केलंच आहे, त्यात शिरत नाही. एकच विचारतो: तुमचं सेशन, म्हणजे लॉगिन चालू राहण्याची मुदत, किती मिनिटांत संपतं?

आमचं दहा मिनिटांत संपायचं, तेही गुपचूप. सत्तरीतल्या बाई आधी चष्मा शोधणार, मग कागद काढणार, खाते क्रमांक एकेक आकडा बघून टाइप करणार, पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहणार. यात काहीच वावगं नाही, उलट हीच माणसं सगळ्यात कमी चुका करतात. एवढं करून 'पुढे' दाबलं की थेट लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गायब आणि वर लाल अक्षरात 'सेशन एक्स्पायर्ड'. त्यांना वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं. मग त्या पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

वेळ वाढवा म्हणून आम्ही कार्यालयाच्या मागे लागलो, तर उत्तर ठरलेलं: सुरक्षेचा नियम आहे. बरं, नियम दाखवा म्हटलं तर तो कोणालाच सापडेना. हा विभाग त्या विभागाकडे बोट दाखवतोय. एका साहेबांनी तर सांगितलं, म्हाताऱ्यांनी नातवंडांकडून भरून घ्यावं! म्हणजे बँकेचा तपशील दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि वर नाव सुरक्षेचं.

वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत यावर सरळ निकष आहे. मुदत कायमची बंद करता येत नसेल आणि आधीच वाढवूनही घेता येत नसेल, तर ती संपण्याआधी सूचना द्या आणि एका साध्या क्लिकने ती वाढवायला किमान 20 सेकंद द्या. माझ्या मते 20 सेकंद फारच कमी, दोन मिनिटं तरी द्या. पुन्हा लॉगिन केल्यावर भरलेली माहिती जशीच्या तशी मिळावी, हा निकष त्यांनी ट्रिपल-ए या सर्वात कडक पातळीत ठेवलाय, त्यामुळे कोणी तिकडे फिरकत नाही. मी तर तेच काम सर्वात आधी हातात घेईन. मसुदा सर्व्हरवर ठेवा, ब्राउझरमध्ये नको. संगणक घरात अनेकजण वापरतात. मी सुरक्षातज्ज्ञ नाही, आणि पैशांचा व्यवहार असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा हे जाणकाराला विचारूनच करा.

दुसरं दुखणं ओटीपीचं. सहा आकड्यांना सहा चौकोन कोणी काढले देव जाणे! एकच चौकोन ठेवा, पेस्ट चालू द्या आणि त्या चौकोनाच्या कोडमधल्या ऑटोकम्प्लीटमध्ये 'वन-टाइम-कोड' लिहा, म्हणजे बऱ्याच फोनवर आकडे कीबोर्डवरच सुचवले जातात. नाहीतर माणूस मेसेज बघायला जातो, परत येतो तोवर काही फोनवर पान नव्याने लोड झालेलं असतं.

जाता जाता: पान मराठीत असेल तर बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका. अक्षरं 200 टक्के केली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. इंग्रजी पान तपासणाऱ्याला हे दिसतच नाही. आणि पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टच्या ओळीत 'युजर-स्केलेबल नो' असेल तर आजच काढा, त्याने बोटांनी पान मोठं करणं बंद होतं.

फोन येतात म्हणून मात्र नंबर लपवू नका. उलट प्रत्येक पानावर 'पायरी 3' असं ठळक लिहा आणि शेजारीच नंबर द्या. "आजी, पायरी कितवी दिसतेय?" एवढं विचारलं की फोन घेणाऱ्याला कळतं गाडी कुठे अडली.