जावळाला बोकड बोललेला आहे, सासरे माळकरी आहेत. नवस फिरवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजेसासूबाईंनी पणतवासाठी देवीला बोकड बोलला, जावळ महिन्यावर आलंय, सासऱ्यांच्या गळ्यात माळ, नवऱ्याला भाऊबंदांची भीड, आणि तुम्हाला तो जीव मारणंच पटत नाही. शिवाय मांस खाणं धर्मानं पाप आहे का, हेही विचारलंय.

नवस फिरवता येतो. बोकडाच्या जागी कोहळा ही काही आजकालची पळवाट नाही, नवचंडीच्या होमात आजही बळी म्हणून कोहळाच कापतात. बाजारात मागताना पेठ्याचा पांढरा कोहळा म्हणून मागा, नुसतं कोहळा म्हटलं तर आपल्याकडे गंगाफळ पिशवीत पडायचं. देठासकट, न डागाळलेला घ्या. त्याची साल गुळगुळीत आणि राखट असते, कोयता बोथट असला की घसरतो, म्हणून खाली गोणपाट घाला आणि धार आदल्या दिवशीच लावून ठेवा.

पण घोटाळा कोहळ्यात होत नाही, तो आधी होतो. सून आणि मुलगा परस्पर ठरवून मोकळे होतात, आणि पुढे वर्षभरात पोराला साधा ताप आला तरी बोट सुनेकडे वळतं. म्हणून ज्यांनी नवस बोलला त्यांच्याच तोंडून तो फिरवून घ्या. आजेसासूबाईंनी देवीपुढे नारळ ठेवून, पुजारी आणि भाऊबंदातली दोन वडीलधारी माणसं समोर असताना म्हणायचं: आई, बोकड बोलले होते, त्याच्या जागी हा कोहळा घे. एवढं झालं की तो विषय घरात पुन्हा कोणी काढत नाही.

उरतो भाऊबंदांचा रुसवा, आणि खरं सांगायचं तर तो देवीसाठी नसतोच, पानातल्या मटणासाठी असतो. २५ किलोच्या बोकडाचं हाडासकट ११-१२ किलो मटण पडतं, पाव किलो धरलं तर ४५ पानं. तेवढ्याच माणसांना वरण-बट्टी घाला: ९-१० किलो गहू, त्यात किलोभर मका, साडेतीन किलो तूरडाळ, घोटलेल्या भाजीला ८ किलो वांगी, आणि तुपात हात आखडू नका. दळण रव्यासारखं जाडसर हवं. चक्कीवाल्यानं नेहमीसारखं बारीक दळलं तर बट्टी चिवट होते, आणि मग 'यापेक्षा बोकड बरा होता' हे ऐकावं लागतं.

आता पाप-पुण्य. खानदेशात पाळले जाणारे बहुतेक नियम सोवळ्याचे आहेत, दयेचे फार थोडे. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, नवरात्र हे सगळं खाणाऱ्याच्या शुद्धीसाठी. आखाडात दोनदा जास्त खाऊन श्रावण पाळला तर बोकडांची संख्या तेवढीच राहते, बोकडाला काही वार कळत नाही. खंडोबाचंच बघा. देवाला स्वतःला पुरणाचा, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि बोकड देवळाबाहेर, खंडोबानं मारलेल्या मणी दैत्याला. देव शाकाहारी ठेवून बोकड कापायची सोय आपल्या परंपरेनं फार पूर्वीच करून ठेवली आहे.

ग्रंथाचा आधार शोधायला गेलात तर दोन्ही बाजूंना सापडतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळ्यांनाच घातक म्हटलंय. त्याच अध्यायात थोडं पुढे मांसभक्षणात दोष नाही, पण सोडलं तर मोठं फळ, असंही आहे. बौद्धांत भिक्षूसाठी कसोटी वेगळी: आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसावं, ऐकलं नसावं, तसा संशयही नसावा. नवसाचा बोकड या कसोटीवर उघडच नापास होतो, तो तुमच्याच नावानं दावणीला असतो. जैन आणि महानुभाव मात्र थेट हिंसेवर बोट ठेवतात, वार-तिथीची सवलत देत नाहीत. फैजपूर-सावद्याकडची स्वामीनारायणाची मंडळी बारा महिने पाळतात. उलट सातपुड्यातला भिल्ल-पावरा देवमोगरा मातेला कोंबडा-बोकड वाहतो आणि तो सगळे मिळून खातात. त्याला पापी ठरवायचा अधिकार मी तरी कोणाला देणार नाही. बंदी आली तरी तिच्यामागे करुणा असतेच असं नाही. सप्तशृंगगडावर २०१६ च्या दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी मानवंदनेच्या बंदुकीचे छर्रे लागून माणसं जखमी झाली, म्हणून प्रथा थांबली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं अटी घालून ती परत सुरू करू दिली.

तुम्हाला जे पटत नाही ते मला सगळ्यात स्पष्ट दिसतं एका जुन्या रिवाजात. कापण्याआधी बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झटकलं की 'देवीनं मान्य केलं' म्हणतात. नाही झटकलं तर पुन्हा पाणी, मग कानात पाणी. ओलं झालेलं कुठलंही जनावर अंग झटकतंच. पण वाडवडिलांनाही होकाराशिवाय सुरी चालवावीशी वाटली नाही, म्हणून तर तो होकार काढायची युक्ती बसली. तुमची शंका धर्माबाहेरची नाही, ती त्या पाण्याच्या तांब्यात आधीपासूनच आहे.

न खाणाऱ्यांनीही फार ताठ चालू नये. म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही आणि निम्मी पारडी नर. हाल्या पोसायला कोणाला परवडतो? आचळाला तोंड लावू न देता आठवडाभरात ते पारडू कसं 'जातं', हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि खाणाऱ्यांनी नवापूर आठवावं. २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथेच, २०२१ मध्ये पुन्हा आला, दोन्ही वेळा लाखो कोंबड्या मारून पुरल्या. जेमतेम फूटभर जागेत वाढून सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी ब्रॉयलर ही माझ्या मते बांधावर चरलेल्या बोकडापेक्षा मोठा नैतिक प्रश्न आहे. पण तिच्यावर ना नवस ना सोवळं, म्हणून कोणी विचारत नाही.

तरीही घरात बोकडच ठरला, तर निदान हे करा. बाजारातून मोटारसायकलला चार पाय बांधून उलटा लटकवत आणू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याचं कलम २८ धर्मरीतीनं मारण्यापुरतीच सूट देतं, नेताना केलेल्या हालांना नाही. दोन दिवस आधी आणा म्हणजे तो शांत होतो. शेवटचे १२ तास वैरण बंद, पाणी मात्र चालू. पोट भरलेलं असलं की कोथळा काढताना फुटतो आणि मटण नासतं. पोरांना त्याला पाला चारायला लावून नाव ठेवू देऊ नका. अनेक गावांत नवसाचा बोकडही मुलाणीच कापतो, आणि त्याच्या धर्मातली शिकवण इथे चांगली आहे: सुरी धारदार हवी आणि जनावरासमोर पाजळायची नाही. दुसरं जनावरही समोर नको.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांची चूल वेगळी मांडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. त्यांची भांडी घरूनच न्या. भाड्याच्या पातेल्यात काल काय शिजलं ते कोणी सांगत नाही. पळी वेगळी, वाढपी वेगळा, आणि माळकऱ्यांची पंगत आधी उठवा. 'आजच्या दिवस माळ खुंटीला लावा' असं म्हणणारा एखादा मामा प्रत्येक कार्यक्रमात असतोच. त्याला सासऱ्यांपासून लांब, लाकडं फोडायला बसवा.