ख्रिश्चन की कॅथलिक?

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसात डबा खाताना सहकारी मुलीने विचारलं, "तुम्ही कॅथलिक ना? मग ख्रिश्चन नाही?" आणि तू नुसती हसलीस. त्याच आठवड्यात दुसरीने तिच्या प्रार्थनासभेला बोलावलं आणि वर हेही सांगितलं, की कॅथलिक लोक मूर्तींपुढे मेणबत्त्या लावतात, त्यांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलं नसतं. तेव्हाही तुला बोलता आलं नाही. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ करणारी तू दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) घेऊन बाहेर पडलीस, आणि बाहेरच्या जगाने विचारलेला पहिलाच प्रश्न तुझ्या वहीत नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या मुलीला उत्तर दे, "मी ख्रिस्ती आहे, कॅथलिक चर्चची." याच क्रमाने सांग. मुंबईत आपले लोक 'ख्रिस्ती' हा शब्द गाळून नुसतं 'कॅथलिक' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा काही वेगळाच धर्म आहे.

तू ख्रिस्ती झालीस ती स्नानसंस्काराने, म्हणजे बाप्तिस्म्याने. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने म्हटलेले शब्द. हेच पाणी आणि हेच शब्द मेथडिस्ट किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) अशा प्रोटेस्टंट, म्हणजे पोपचा अधिकार न मानणाऱ्या, मंडळीत वापरले गेले, तर आपलं चर्च तो बाप्तिस्मा खरा मानतं. तिथला माणूस उद्या कॅथलिक व्हायला आला तर त्याला पुन्हा स्नानसंस्कार देत नाहीत. तो विश्वासाची कबुली देतो, त्याचं दृढीकरण होतं आणि त्याला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, मिळतो. यात कसलीही सवलत नाही. स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो, अशी आपली श्रद्धाच आहे.

तुझ्या मावसबहिणीचं लग्न सीएनआयच्या मुलाशी ठरलंय आणि मावशी 'धर्माबाहेर गेली' म्हणून रडते, असं तू लिहिलंस. मावशीला प्रेमाने समजाव. चर्चच्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर खास सूट लागते. ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच होत नाही. स्नानसंस्कार झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या व्यक्तीशी करायचं तर धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्या परीने सगळं करीन असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. पण तो विवाह दोन ख्रिस्ती माणसांचा असतो, म्हणून तो संस्कारच असतो. जावई धर्माबाहेरचा नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्यावरचा आदेश काढला. त्यात इतर चर्चमध्ये जन्मलेल्या, स्नानसंस्कार घेतलेल्या लोकांना ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा हक्क आहे आणि कॅथलिकांनी त्यांना बंधू मानावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या आदेशावर सही करणारे पोप सहावे पॉल दोनच आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला, युखरिस्त (ख्रिस्तप्रसाद) महासभेसाठी आपल्या मुंबईत उतरले. त्या महासभेच्या आठवणी सांगणारे कितीतरी लोक आपल्या पॅरिशमध्ये (आपल्या चर्चच्या भागात) होते. आदेशाची आठवण सांगणारं मात्र मला कुणी भेटलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

मग मुंबईत ही फाळणी एवढी घट्ट का? इथे कॅथलिक श्रद्धा पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं त्यांच्याकडे गेली, गावांमधून चर्चेस उभी राहिली, आपल्या पूर्वजांना पोर्तुगीज आडनावं मिळाली. प्रोटेस्टंट मिशनरी पुष्कळ नंतर आले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि मराठी शिकून शाळा, छापखाना, बायबलचं भाषांतर अशा कामांना लागले. पुढे १८८७ साली आपल्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. एवढ्या इतिहासातून लोकांच्या डोक्यात एक सोपा हिशेब बसला: परेरा, डिसोझा म्हणजे कॅथलिक; गायकवाड, साळवे म्हणजे ख्रिश्चन. हा हिशेब चुकीचा आहे. नगर जिल्ह्यात मराठी आडनावांची कॅथलिक घरं गावोगाव आहेत. पण आपल्याला तो सोयीचा वाटतो, कारण त्यात कॅथलिक असणं म्हणजे जात असणं होतं. गावठाणातलं घर, सणाला तळलेले फुगे, डब्यात बॉटल मसाला. मला हे सगळं जिवापाड प्रिय आहे. पण यातलं काहीही तुला कॅथलिक करत नाही. हे सगळं असलं आणि ख्रिस्त नसला, तर उरतो फक्त एक समाज.

आणि आपण कॅथलिक तरी आपसात एक होतो का? १७९४ पासून मुंबईतली चर्चेस दोन अधिकाऱ्यांत वाटली गेली. काही गोव्याच्या आर्चबिशपांकडे, काही रोमने थेट नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांकडे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून भांडण इतकं पेटलं की बिशप हार्टमन समर्थकांसह आत अडकले आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. हा दुहेरी कारभार संपायला १९२८ साल उजाडलं. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला त्या चर्चमध्ये जातेस ना, तेव्हा हे लक्षात असू दे. इतरांना 'फुटलेले' म्हणताना जीभ थोडी अडखळेल.

आता दुसरी मुलगी. तिला टोमणा मारू नकोस, तिला तुझी काळजी वाटते आहे. मूर्तींबद्दल सांग की आराधना एका देवाचीच. मोतमाउलीपुढे, म्हणजे येशूची आई मरिया हिच्यापुढे, आपण मेणबत्ती लावतो ती, तिने आपल्यासाठी तिच्या पुत्राकडे प्रार्थना करावी म्हणून. 'सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' हे तिचं वाक्य लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि ते शुभवर्तमान तुझ्या मैत्रिणीच्या बायबलमध्येही आहे. तिच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, आपल्यात ७३. फरक जुन्या करारात आहे, नव्या करारातली २७ पुस्तकं अगदी तीच. तारणाबद्दल सांगायचं तर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग इथे लुथेरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईने नाही, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, हे दोघांनी मिळून कबूल केलं. लुथरच्या काळापासून ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद झाला, तो हाच.

पण सगळं सारखंच आहे, असंही म्हणू नकोस. ते खरं नाही आणि तिचाही त्यात अपमान आहे. मिस्साबलिदानात, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असं आपण मानतो. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा आणि त्यात त्या प्रेषितांमधल्या पेत्राच्या जागी असलेले पोप, हे ख्रिस्ताने दिलेलं आहे असं आपण मानतो. ख्रिस्ताने चर्चला जे दिलं ते कॅथलिक चर्चमध्ये पूर्णत्वाने आहे, असं आपण मानतो. हे बोलायला लाजू नकोस. ती व्हॅटिकन परिषद हेही सांगते, की पवित्र आत्मा त्या इतर मंडळ्यांमधूनही काम करतो. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत. नुसतं पहिलं म्हटलं तर गर्व होतो, आणि दुसऱ्यावरच थांबलीस तर रविवारी मिस्सेला का जायचं ते तुलाच सांगता येणार नाही.

प्रोटेस्टंटांकडून आपण घेतलंही आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो प्रोटेस्टंट मंडळीत. मराठी मिस्सेत त्यांची भजनं गाताना माझ्या मनात कधी दुरावा आला नाही. आणि रोज बायबल उघडण्याची शिस्त त्यांच्या घरांत मी जितकी पाहिली, तितकी आपल्या घरांत नाही.

प्रार्थनासभेला जाऊ का, असं विचारलंस. जा. मिस्सा चुकवून मात्र नको. तिथे शास्त्रपाठ ऐक, त्यांच्याबरोबर प्रार्थना कर. प्रभूभोजन (त्यांचा भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल तर घेऊ नकोस, आणि ती आपल्याकडे आली तर तिलाही ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही हे आधीच सांग, म्हणजे ऐन वेळी रांगेतून परत फिरावं लागणार नाही. हे दोघींनाही टोचेल. टोचू दे; चर्च अजून एक झालेलं नाही, ही गोष्ट टोचण्यासारखीच आहे.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार दे. 'लहानपणीचा तो खरा नव्हे, आता पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घे' असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांग, "माझा झालेला आहे." वाद घालत बसू नकोस.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. त्या आठवड्यात तिला घरी जेवायला बोलाव, दोघी मिळून योहानाच्या शुभवर्तमानातला सतरावा अध्याय, ख्रिस्ताची आपल्या लोकांच्या ऐक्यासाठीची प्रार्थना, वाचा. मावशीचं काय झालं तेही कळव. ती ऐकत नसेल तर मी स्वतः येऊन बोलते.

तुझी
टीचर